लांबडं उत्तर

"झालं बघा!" म्हणत सर्जेराव पाटलांनी खुर्ची मागे ढकलली आणि दोन्ही हात वर करून असा आळस दिला की बाकीचे पाच जण माना वळवून बघायला लागले.

मी जवळजवळ पळतच त्यांच्या कॉम्प्युटरपाशी गेले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत निकाल झळकत होता. चाळीसपैकी चाळीस. मला आनंद लपवता येत नाही, तेव्हाही आला नाही. मी चक्क टाळी वाजवली. दूध संघाच्या बर्फखान्यात काम करणारा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा माऊस हातात धरतो आणि अमोनिया वायूच्या गळतीवरचा आमचा अख्खा अभ्यासक्रम संपवून पैकीच्या पैकी मार्क मिळवतो! आणखी काय पाहिजे?

थोड्या वेळानं दुसरा उठला. त्यालाही पैकीच्या पैकी. मग तिसरा, मग चौथा. सहाच्या सहा जण शंभर टक्के!

मागे उभे असलेले इंगवले साहेब, म्हणजे संघाचे प्रशिक्षण अधिकारी, खूश होऊन म्हणाले, "हेमाताई, जादूच केलासा की! आमच्या ह्या गड्यांनी शाळंत कधी पस्तीसच्या वर मार्क बघितलं नसतील. उद्या सकाळी संघाच्या हॉलमध्ये या. मी एकदा स्वतः बघतो आणि मंजूर करून टाकतो. जिल्ह्यातल्या सगळ्या डेअऱ्यांत हेच लावू."

ते गेले आणि मी जिन्यावरच एक गिरकी घेतली. तेव्हा माझं वय चाळीस होतं, साडी नेसलेली होते आणि जिना अरुंद होता. पण घेतली.

या आनंदाला कारण होतं. शाहूपुरीत एका रंगाच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस होतं. कंपनी पुण्याची, आम्ही तिची कोल्हापूरची शेपटी. आम्ही कॉम्प्युटरवर शिकायचे धडे बनवायचो. टीम चौघांची. मगदूम काका विषयतज्ज्ञ, डेअरीतल्या दूध गार करणाऱ्या अमोनियाच्या यंत्रांवर हयात घालवलेले निवृत्त इंजिनिअर. खरं काय, ते काका सांगणार. निनाद बावडेकर लेखक, काकांनी सांगितलेलं माणसाला कळेल अशा भाषेत तो लिहिणार. रुबीना मुल्लाणी चित्रकार, निनादनं लिहिलेलं ती हलतं-चालतं करणार. आणि या तिघांनी एकमेकांची डोकी फोडू नयेत म्हणून मी. माझ्या टेबलावरच्या पाटीवर 'टीम प्रमुख' असं लिहिलेलं होतं, पण काम शाळेच्या मधल्या सुट्टीत मैदानावर उभ्या राहणाऱ्या बाईंचंच होतं. मी आधी शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे ते जमायचं.

आमचे मालक घोरपडे साहेब आठवड्यापूर्वीच पुण्याहून येऊन स्पष्ट सांगून गेले होते. संघानं होकार दिला तर कोल्हापूरची टीम राहील. नाही दिला, तर ऑफिस बंद, ज्याला पुण्याला यायचंय त्यानं यावं. रुबीना घरातली एकटी कमावती, वडील अंथरुणावर. ती कुठून येणार? काका तर आपल्या गंगावेशीच्या पलीकडे मुक्कामाला जात नसत. निनाद पुण्याला वैतागूनच इकडे आलेला. म्हणजे टीम मोडणार होती. आणि आता तिच्यावरचं संकट टळलं होतं, निदान मला तसं वाटलं.

खाली चहाच्या गाडीवर सर्जेराव बशीत चहा ओतून उभे होते. मी आनंदाच्या भरात होते. सहज विचारलं, "सर्जेराव, समजा आत्ता प्लँटमध्ये अमोनिया सुटला. तुम्ही पहिलं काय बघणार?"

"बघायचं काय त्यात? पळायचं."

"हो, पण कुठल्या दिशेला?"

"ते काय ध्यानात न्हाई."

"अहो, आत्ता तर उत्तर दिलंत! छपरावरची वाऱ्याची पिशवी बघायची, वारा कुठून कुठं चाललाय ते बघायचं..."

"आसंल की."

"असंल म्हणजे? तुम्ही प्रश्न वाचलेत ना?"

सर्जेरावांनी बशी तोंडाला लावली, रिकामी केली आणि मिशा पुसत गालातल्या गालात हसले. "ताई, खरं सांगू काय? वाचाय कोण बसतंय? तीन उत्तरं असत्यात. त्यातलं सगळ्यात लांबडं दाबायचं. चार प्रश्नातच कळलं मला. मग ह्या गड्यास्नीबी सांगून टाकलं. कशाला डोळं फोडत बसायचं?"

मी चहा तिथंच ठेवला आणि जिना चढले. या वेळी गिरकी नव्हती.

वर रुबीनानं पेढे आणून ठेवले होते. निनादच्या तोंडात एक होता, हातात एक. मी कॉम्प्युटर समोर ओढला आणि म्हटलं, "रुबीना, बैस. परीक्षा दे. पण काही वाचायचं नाही. डोळे बारीक कर आणि प्रत्येक प्रश्नाला सगळ्यात लांब उत्तर दाब."

"वाचायचं नाही?"

"एक अक्षर नाही."

ती दाबत गेली. आम्ही तिघं मागे उभे. निकाल आला, चाळीसपैकी चाळीस. निनादचा घास तोंडातच राहिला.

"अरे देवा," तो म्हणाला. मग त्यानं सावकाश काकांकडे पाहिलं. "हे तुमच्यामुळे झालंय, काका."

"माझ्यामुळं?" मगदूम काकांचे कान लाल झाले. "मी काय केलं?"

"मी उत्तरं सारखी लिहिली होती. तिन्ही एका ओळीची. तुम्ही प्रत्येक बरोबर उत्तराला शेपूट जोडलंत! 'वाल्व्ह बंद करावा' असं मी लिहिलं. तुम्ही लाल शाईत काय लिहिलं? 'वाल्व्ह बंद करावा, परंतु मास्क लावूनच, आणि जोडीदार बरोबर असल्याशिवाय नव्हे.' प्रत्येक वेळी परंतु, प्रत्येक वेळी आणि! चुकीच्या उत्तरांना कधी हात लावलात?"

"चुकीच्याला हात कशाला लावू? चूक ते चूक. बरोबर आहे ते मात्र पुरतं पाहिजे."

"मला म्हाइत होतं," रुबीना एकदम म्हणाली.

आम्ही तिघं वळलो.

"म्हणजे, हे असं हाय हे न्हाई म्हाइत. पण प्रत्येक प्रश्नात एक चौकट मोठी करावी लागायची. मजकूर मावायचाच न्हाई. मी दर वेळी एक चौकट ताणत बसलो होतो की." कोल्हापूरच्या पोरी बोलतात तशी रुबीना स्वतःबद्दल 'बसलो, गेलो' असंच बोलायची.

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलणार, ताई? मजकूर निनादच्या रंगाचा. तपासणीत मला फक्त चित्राबद्दल लिहायचं असतं ना."

खरंच होतं तिचं. तपासणीच्या कागदावर काकांचा रंग लाल, निनादचा निळा, रुबीनाचा हिरवा. दुसऱ्याच्या रंगात कुणी लिहायचं नाही, ही घोरपडे साहेबांची शिस्त. भांडणं कमी होतात म्हणे. भांडणं कमी झालीच होती. तज्ज्ञानं सत्य तपासलं होतं, लेखकानं भाषा, चित्रकारानं चौकटी. तिघांचंही काम चोख. आणि चोख कामांची बेरीज करून आम्ही अशी परीक्षा बनवली होती, जी सर्जेराव चहा प्यायच्या घाईत पास झाले होते.

निनादनं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा. इंगवले साहेब खूश आहेत. सहा जणांचे मार्क त्यांनी डोळ्यांनी पाहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या मंजुरी मिळू दे, मग महिन्याभरात सावकाश दुरुस्त करू."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," मी म्हटलं. "उद्यापासून हे सगळीकडं लावणार आहेत ते. सर्जेरावांची युक्ती डेअरी-डेअरीत पोचायला किती वेळ लागेल? आणि एखाद्या दिवशी खरंच गळती झाली तर? तिथं तीन उत्तरं लिहून येणार नाहीत, लांबडं बघून दाबायला."

"आणि टीम? ऑफिस? रुबीनाची नोकरी?"

रुबीना खिडकीकडे बघत होती. मग म्हणाली, "ताई, उद्यापर्यंत दुरुस्त होत असंल तर करू या. न्हाई झालं तर बघू. पण असलं माझ्या नावानं जायला नको."

बस्स. मला तेवढंच हवं होतं. मला वाटतं माझं रक्त घोड्याचं असावं. शर्यत लागली म्हटलं की भीतीबिती पळून जाते आणि पाय वळवळायला लागतात. मी पदर खोचला. "दुपार पडलीय समोर. चला. दोनच रस्ते. एक, बरोबर उत्तरं छाटायची."

"छाटायची नाहीत," काका म्हणाले.

"काका, थोडी..."

"एक शब्द छाटला तर माझं नाव काढा त्यातनं. आत्ता काढा."

काकांशी माझे कितीदा खटके उडाले होते, पण हा आवाज मी ऐकला नव्हता. मी तो रस्ता सोडला. "ठीक. मग दुसरा. चुकीची उत्तरं लांबवायची. निनाद?"

निनादनं कपाळाला हात लावला. "लांबवू काय? चुकीचं उत्तर खरं वाटायला पाहिजे, ताई. मी लिहिलेली बघा की. 'अमोनिया सुटल्यास खिडकीत उभे राहून गाणे म्हणावे' छापाची आहेत सगळी. मला कुठं माहीत आहे की तिथं माणसं खरोखर काय चुका करतात? मी डेअरी बघितली ती एकदाच, तीही लस्सीसाठी."

आणि मला दिसलं. इतकं लख्ख दिसलं की मी टेबलावर हात आपटला. "काका, खुर्ची बदला. निनादच्या जागेवर बसा."

"का?"

"चुकीची उत्तरं तुम्ही लिहिणार."

"मी?" काका उभेच राहिले. "उभ्या आयुष्यात मी चुकीचं लिहून दिलेलं नाही. मी तज्ज्ञ आहे की विदूषक?"

"तुम्ही तीस वर्षं त्या यंत्रांपाशी होतात. माणसं कुठं घसरतात हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? निनाद सवालकरी. तो विचारेल, 'माणूस इथं काय चुकतो?' तुम्ही सांगायचं, तो लिहील. रुबीना, तू सर्जेराव."

"काय?"

"तू काही न वाचता युक्त्या शोधायच्या. लांबडं, तोकडं, पहिलं, शेवटचं, जे चालेल ते. युक्तीनं पास झालीस की आम्ही हरलो. आणि आजच्या दिवसापुरते रंग गेले खड्ड्यात. ज्याला जे दिसेल ते त्यानं बोलायचं."

"आणि तुम्ही?"

"मी चहा आणते," मी म्हटलं, आणि खरंच आणला.

सुरुवात रखडली. काका खुर्चीत अवघडून बसले होते. निनादनं पहिला प्रश्न वाचला, "डोळ्यात अमोनिया गेला. माणूस काय चूक करतो?"

काकांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "टॉवेलनं चोळतो. गळ्यातला टॉवेल. शिवा कांबळेनं केलं होतं. पाणी शेजारी होतं, पण हात आधी टॉवेलाकडं गेला."

निनादची बोटं थांबली. "हे खरंच झालंय?"

"मग काय मनानं सांगतोय? लिही."

"पुढचा. जमिनीवर अमोनियाचं डबकं साठलं."

"पाइप घेऊन त्याच्यावर पाणी मारतो. वाटतं, आग विझवल्यागत विझंल. उलट भडका उडाल्यासारखा वायू वर येतो. दत्तू माने. आठ दिवस दवाखान्यात."

"गळती सुरू झाली, बाहेर आला. मग?"

"डबा राहिला म्हणून परत आत जातो. जेवणाचा डबा! यशवंता. बायकोनं नवा घेतलेला म्हणे."

आणि बांध फुटला. मला आजही ती दुपार आठवली की अंगावर काटा येतो, आनंदाचा. काका उठून फेऱ्या मारायला लागले, हातवारे करून सांगायला लागले. कोण संडासात जाऊन कडी लावून बसला, कोण गॉगलला मास्क समजला, कोणी जोडीदाराला न सांगता वाल्व्हकडे धाव घेतली आणि त्याला शोधायला आणखी दोघं गेले. निनाद इतक्या वेगानं टाइप करत होता की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. वर ओरडत होता, "काका, थांबा, थांबा! वा! हे मला सात जन्मांत सुचलं नसतं!" आणि गंमत म्हणजे ही चुकीची उत्तरं आपोआप लांब होत होती. कारण खऱ्या चुकीलाही कारण असतं, परिस्थिती असते, एक 'म्हणून' असतो.

रुबीना मधूनच आरोळी ठोकायची. "सात प्रश्नात 'परंतु' फक्त बरोबर उत्तरात हाय! मी पास!" मग सगळे त्या सातांवर तुटून पडायचे. एकदा तिनंच सांगितलं, "इथं चुकीच्या उत्तरात 'ताबडतोब' घाला, घाबरलेला माणूस तसंच बोलतो." काकांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "ही तर लेखकच निघाली," ते म्हणाले.

"आणि तुम्ही नट," निनाद म्हणाला. काका चक्क हसले.

शेवटचा एकच प्रश्न राहिला. गळती झाली आहे, हॉलमध्ये माणसं आहेत, प्रमुख म्हणून तुम्ही काय कराल? काका फेऱ्या मारायचे थांबले. खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"लिही," ते म्हणाले. "'वेळ न दवडता सगळ्यांना मुख्य गेटकडे पळायला ओरडून सांगाल, कारण गेटची वाट सगळ्यांना पाठ असते.'"

निनादनं लिहिलं. "भारी आहे. मीसुद्धा हेच दाबलं असतं. हे कुणी केलं होतं, काका?"

"नाव नको," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

संध्याकाळी मी सर्जेरावांना घरून बोलावून आणलं. ते पेढा खाऊन ऐटीत बसले, बोटं मोडली आणि दाबायला लागले. दोन-तीन प्रश्नांनंतर त्यांचा हात थबकला. मान पुढे गेली. "आयला, ह्यातलं लांबडं कुठलं हाय?" शेवटी निकाल आला. चाळीसपैकी अकरा!

आम्ही चौघांनी असा काही जल्लोष केला की खालचा रंगवाला वर बघायला आला. सर्जेराव हिरमुसले. "माणूस नापास झाला आणि तुम्ही नाचताय व्हय?" मी त्यांच्या हातात दुसरा पेढा ठेवला. तो न खाता ते पडद्याकडे बघत म्हणाले, "ह्यो यशवंता कोण?" रुबीनानं जुनीच चित्रं जोडून त्या दुपारी चुकाही हलत्या केल्या होत्या; चुकीचं उत्तर दाबलं की 'यशवंता' नावाचा माणूस डब्यासाठी परत आत जायचा, आणि बाहेर येत नसे. "जरा पहिल्यापास्नं लावा बघू," सर्जेराव म्हणाले. मग ते पहिल्यांदाच धडा वाचायला बसले.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मी इंगवले साहेबांना आधीच सगळं सांगून टाकलं. कालचे मार्क खोटे होते, परीक्षा फसवी होती, काल दुपारी पुन्हा बनवली. त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "म्हणजे काल माझ्यासमोर तमाशा झाला म्हणा की! आणि आज काय गॅरंटी?"

"तुम्ही स्वतः द्या परीक्षा," मी म्हटलं. आवाज खणखणीत निघाला.

"देतो की. मी काय सर्जेराव हाय?"

त्यांना बरीचशी उत्तरं आली. हसले, मान डोलावत गेले. आणि शेवटच्या प्रश्नावर, जराही न थांबता, त्यांनी गेटचं उत्तर दाबलं.

पडद्यावर रुबीनाची माणसं गेटकडे धावायला लागली. छपरावरची वाऱ्याची पिशवी फुगून गेटच्याच दिशेला ताठ झालेली. पांढरा ढग त्यांच्यामागून निघाला, त्यांच्या पुढे गेला, आणि गेटपाशी सगळे त्यात दिसेनासे झाले.

"हे चूक?" इंगवले साहेब उठले. "हे चूक कसं काय? आमच्याकडं बोर्डच हाय तसा. सगळ्या डेअऱ्यांत! धोका झाला की मुख्य गेटपाशी जमा. हे चूक म्हणणारा कोण? कुणी लिहिलंय हे?"

झालं, मोडली टीम, असं माझ्या मनात आलं. निनाद झटकन पुढे झाला. "मी लिहिलं, साहेब. लेखक मी आहे."

"बस रे," मगदूम काका म्हणाले. ते हळूहळू उभे राहिले. "त्यानं टाइप केलं. लिहिलं मी. आणि केलंयही मीच."

त्यांनी पडद्यावरच्या ढगाकडे बोट केलं.

"दुसऱ्या एका डेअरीत होतो, प्रमुख म्हणून. पाइप फुटला. मी वरच्या जिन्यावर होतो. तिथनं ओरडलो, 'गेटकडं पळा!' दोन शब्द. बापू खोत म्हणून माझा फिटर होता, माझा शब्द खाली पडू न देणारा. तो सगळ्यांत पुढं पळाला. वारा गेटकडंच होता. पिशवी माझ्या डोळ्यासमोर होती साहेब, मला दिसत होती. पण मी पुरतं सांगितलं नाही. 'वारा बघा आणि त्याला आडवे निघा' एवढं जोडायला पाहिजे होतं." त्यांनी चष्मा काढला. "बापू वाचला. पण छाती गेली त्याची. पुन्हा कामावर आला नाही. तेव्हापासून मला तोकडं सांगता येत नाही. ही पोरं माझ्यावर चिडतात."

निनाद खाली बघत होता. इतके महिने ज्या शेपटांवरून तो काकांशी भांडला होता, ती सगळी त्या एका जिन्यावरून आलेली होती. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

इंगवले साहेबांनी खिशातून फोन काढला. "प्लँट द्या... मी बोलतोय. गेटपाशी जमायचा बोर्ड हाय न्हवं? काढा. आत्ता. उद्या न्हवं, आत्ता. बाकीच्या डेअऱ्यांनाबी कळवा, मी येऊन सांगतो काय लावायचं ते." फोन ठेवून ते काकांकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मंजूर. सोमवारपास्नं लावा. पण पहिली बॅच आम्हा अधिकाऱ्यांची."

बाहेर येऊन आम्ही वेड्यासारखे हसलो, रडलो. रुबीनानं घरी फोन लावला आणि 'अब्बा, ऱ्हायलं! ऑफिस ऱ्हायलं!' एवढंच चारदा सांगितलं.

शनिवारी शेवटचा पडदा तयार करायचा होता, कुणी काय काम केलं त्या नावांचा. रुबीनानं विचारलं, "काका, तुमचं विषयतज्ज्ञ म्हणून टाकतो ना?"

"बापू खोताचं टाक," काका म्हणाले. "विषय त्याला जास्त कळलाय. माझं नाव त्याच्याखाली, मदतनीस म्हणून."

"टाकतो. पण काका, ज्याचं नाव त्याला विचारावं लागतं. नियम हाय."

काकांनी टेबलावरचं लाल पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "मी गेलोच नाही रे कधी," ते म्हणाले, कुणाकडेही न बघता. "एवढी वर्षं. दवाखान्यातसुद्धा दाराबाहेरूनच परत आलो. त्याच्या गल्लीतनं जायचं म्हणून मी वळसा घालून जातो."

निनादनं गाडीची किल्ली उचलली. "चला. मी नेतो."

"आत्ता?"

"आत्ता."

रुबीना माझ्या स्कूटीवर मागे बसली. बिंदू चौकातून आत वळलो, दोन-तीन बोळ पार केले. एका निळ्या दाराशी काका उतरले. त्यांना कडी वाजवता येईना, म्हणून मी वाजवली.

दार उघडायला वेळ लागला. आतून सावकाश पावलं आली, मधे थांबली, पुन्हा आली. दारात एक किडकिडीत माणूस चौकटीला धरून उभा राहिला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि श्वास घेत घेत, तुटक आवाजात म्हणाला, "आत या की, साहेब. मला वाटलं, पत्ताच इसरलासा."

काकांनी चपला काढल्या आणि ते आत गेले.